चौथा ठोका उशिरा

माझ्या थोरल्या भावाला त्याच्या धंद्यातली माणसं 'अस्सल' म्हणतात. "अस्सल आहे का?" असं विचारत गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं राहतं आणि दादा गाडीखालून म्हणतो, "आहे, आहे. जरा थांबा, बाहेर येतो."

हे नाव त्याला पडलं ते त्याच्या हट्टामुळे. तो फक्त जुन्या गाड्या करतो, आणि त्यांतही त्याचा खरा जीव ठिणगीच्या कामात. जुन्या गाडीच्या इंजिनाला एक डबी असते, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तिच्यात एक दांडा फिरतो, त्याच्यामुळे दोन बारीक पॉइंट उघडतात आणि मिटतात, आणि इंजिनाच्या चारही घरांना आपापल्या पाळीनं ठिणगी मिळते. मला कळतं ते एवढंच, आणि तेही त्यानं जेवताना ताटाभोवती चमचे मांडून दाखवलं म्हणून. ही डबी, हे पॉइंट, शेजारी ठिणगी सांभाळणारा छोटा कंडेन्सर, सगळं गाडीबरोबर कारखान्यातून आलेलंच असलं पाहिजे, असा दादाचा आग्रह. बाजारात मिळणारा नवा माल तो हातात घेऊन बघायचा, नखानं टोकायचा आणि परत खोक्यात टाकायचा. म्हणायचा, "हा खोक्यातून काढतानाच मेलेला आहे. जुना घासून देतो, तो तुमच्या नातवाला पुरेल."

आमचे हे त्याची थट्टा करायचे. "मेव्हण्यांकडे गाडी नेली की गाडीचं वय कमी होत नाही, आपलंच वाढतं." दादा हसायचा. काम थांबवायचा नाही.

वहिनी तर त्याच्यादेखत मला म्हणायच्या, "वन्सं, मला एका गोष्टीची काळजी नाही. तुमच्या भावाला जुनं टाकवत नाही, म्हणजे माझं आयुष्यभराचं निभावलं."

आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं फाटक दिसतं आणि त्यांच्या पायरीवरून माझ्या देवघरातला दिवा दिसतो. त्यामुळे त्या घरातलं मला पुष्कळ कळत आलं. काही गोष्टी कळल्या नसत्या तर बरं झालं असतं, असंही आता वाटतं. पण देवानं खिडकी तिथे दिली, तर कारणाशिवाय दिली नसेल.

दादाची स्वतःची एक गाडी आहे. राखाडी रंगाची, माझ्या लग्नाच्याही आधीची. कुणीतरी एका शेडमागे टाकून दिलेली, खाली गवत वाढलेलं. दादानं ती ओढत आणली आणि फावल्या वेळात उभी केली. तिच्यात एकच खोड राहिली. डिस्ट्रिब्युटरचा दांडा ज्या कड्यात फिरतो, ते कडं, म्हणजे बुश, झिजलेलं होतं. दांडा आत किंचित हलायचा. त्यामुळे गाडी हळू झाली, फाटकाशी उभी राहिली, की तीन ठोके सरळ पडायचे आणि चौथा जरा उशिरा. टप टप टप, आणि मग एवढीशी वाट बघून, टप. चालताना पायात काटा असलेल्या माणसासारखी.

जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी लंगडी, म्हणून गॅरेजमधले त्याला चिडवायचे. दादा म्हणायचा, एक दिवस काढतो ती खोड. वहिनी म्हणायच्या, "काढायची नाही हं. त्यावरूनच मला कळतं की हे आले. रस्त्यानं दहा गाड्या जातात, मी काय प्रत्येक वेळी उठून बघू?"

आणि खरंच, वळणावर तो आवाज आला की वहिनी हातातलं काम तिथेच ठेवायच्या. पदराला हात पुसून चहाचं आधण ठेवायच्या, कडी काढायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. दादा गाडी बंद करून पायरी चढेपर्यंत दार उघडं असायचं. त्याला आपल्या घराची कडी वाजवावी लागल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या संसारात लाडाकोडाचं बोलणं फारसं नव्हतं, मूलबाळही झालं नाही. जे काही होतं ते मला वाटतं त्या उघड्या दारात होतं.

मग वहिनी विसरायला लागल्या.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. धुऊन वाळवून घडी घातलेले टॉवेल त्या पुन्हा बादलीत भिजत घालायच्या. माझ्याकडे कात्री मागायला यायच्या आणि पायरीवर बसून राहायच्या. पुढे मला "वन्सं" म्हणायच्या, पण कुणाची वन्सं ते त्यांना सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी दादाला समोर बसवून समजावलं, की हे थांबणारं नाही, उताराला लागलेलं आहे. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पार्ट बदलून मिळत नाही, एवढंच ना?" डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "नाही मिळत."

पण संध्याकाळचं ते एक मात्र शाबूत राहिलं. दिवसभर वहिनी कुणाच्याही नसायच्या. मी भरवलं तर जेवायच्या, खिडकीशी बसवलं तर बसायच्या. आणि वळणावर गाडीचे ठोके ऐकू आले, की अंगात कुणी आल्यासारख्या उठायच्या, कडी काढायच्या, दारात उभ्या राहायच्या. "उशीर केलात आज," असं म्हणायच्या, तो वेळेवर आला असला तरी. दादा एकदा मला म्हणाला, "छोटी, दिवसभर ती कुठे असते देव जाणे. संध्याकाळी मात्र घरी असते." तो मला अजून छोटी म्हणतो. माझे केस त्याच्यापेक्षा जास्त पिकले आहेत.

एवढ्यावर तो जगत होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ह्यामुळेच झालं.

एका संध्याकाळी घरी येताना पुलावर त्याची गाडी बंद पडली. कंडेन्सर गेला होता. मी त्या दिवशी लेकीकडे गेले होते, आणि वहिनींजवळ बसायला ठेवलेली बाई ठरल्या वेळी निघून गेली होती, कारण रोज त्या वेळेपर्यंत दादा येतोच. दादानं जवळचा एक नवा कंडेन्सर बसवून पाहिला, तोही चालला नाही. शेवटी कुणाच्या तरी ट्रकला गाडी बांधून ओढत आणली. घराचं दार सताड उघडं आणि वहिनी घरात नाहीत. त्या वळणावर सापडल्या. तिथल्या शिंप्यानं त्यांना आपल्या दुकानासमोर स्टुलावर बसवून ठेवलं होतं. अनवाणी होत्या. शिंपी सांगत होता, "बाई प्रत्येक गाडीच्या काचेतून आत बघत होत्या हो. एकदोन गाड्यांना तर हात लावायला गेल्या."

दादा त्यांना घरी घेऊन आला. त्यानं वहिनींचे पाय धुतले. मी आले तेव्हा तो मोरीशी उकिडवा बसून त्यांच्या तळव्यातला खडा काढत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजमध्ये जाऊन आपल्या गाडीतला जुना डिस्ट्रिब्युटर काढला आणि बाजारातला नवा बसवला. आत पॉइंटच नसतात असला, विजेच्या चकतीवर चालणारा. घासायला नको, जुळवायला नको, कधी बंद पडणार नाही असा. गॅरेजमध्ये गहजब झाला. शेजारचा टायरवाला म्हणाला, "अस्सल बाटला." दादा म्हणाला, "बाटला तर बाटला. मला वेळेवर घरी पोचायचंय."

त्याच सुमारास त्याचे एक जुने गिऱ्हाईक, वकीलसाहेब, अडचणीत होते. त्यांचीही गाडी दादाच्याच गाडीसारखी. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती उभी करायची होती, आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरचं अंगच तडकलेलं. प्रदर्शनात बॉनेट उघडून बघतात, नकली माल दिसला की बाद. दादानं आपला काढलेला डिस्ट्रिब्युटर त्यांच्या हातात ठेवला. "घेऊन जा. कपाटात पडून काय करणार आहे तो?"

नव्या डबीवर गाडी अशी चालायला लागली, की काय सांगावं. एका सेल्फला सुरू. फाटकाशी उभी राहिली तरी आवाज एकसारखा, शिवणयंत्रासारखा. पहिल्या संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. दादा उतरला, पायरी चढला आणि बंद दारासमोर थांबला. मग त्यानं कडी वाजवली.

दार त्या बाईनं उघडलं. वहिनी आत पलंगावर बसल्या होत्या. दादा म्हणाला, "अगं, आलो." त्यांनी डोक्यावरून पदर सारखा केला आणि विचारलं, "आपण कोण? कुणाकडे आलात?"

आम्हा सगळ्यांना वाटलं, दुखणं पुढे सरकलं. डॉक्टरही म्हणाले, असं पायरीपायरीनंच होतं. दादानं मान डोलावली. पुढच्या संध्याकाळी पुन्हा कडी, पुन्हा "आपण कोण?" तो काही समजावत बसायचा नाही. मला म्हणाला, "तिला माझी भीती वाटते गं. मी खोलीत आलो की ती भिंतीकडे सरकते."

असे बरेच दिवस गेले. मग एकदा संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावून वहिनींकडे येऊन बसले. जपाची माळ हातातच होती. बाहेर दादाची गाडी येऊन उभी राहिली, बंद झाली. वहिनींचा कान मात्र रस्त्याकडेच लागलेला. मला म्हणाल्या, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "अजून नाही आले हे. ह्यांची गाडी लंगडते ना, लांबूनच कळतं मला."

माळ माझ्या हातात तशीच राहिली.

दादा आत आला तेव्हा मी त्याला परसात घेऊन गेले आणि सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं त्या आवाजात बसून आलेला माणूस, त्याला स्वतःला तो ऐकूच येईनासा झाला होता. वहिनींचं ते जुनं बोलणं त्यानं कौतुक म्हणून ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणाला, "म्हणजे ती विसरली नाहीये. मीच आलेलो नाही."

दुसऱ्या दिवशी तो वकीलसाहेबांकडे गेला, मलाही बरोबर नेलं. दिलेली वस्तू परत मागायची त्याला लाज वाटत होती. वकीलसाहेबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "अहो, मागता काय? प्रदर्शन झालं, बक्षीस मिळालं, आता तुमचा तुम्ही घ्या. मी तडकलेल्याचं बघतो काहीतरी." स्वतः बाही वर करून त्यांनी डबी काढायला मदत केली. आणि दादाच्या हातात ती देताना म्हणाले, "आणि हो, तुम्हाला आणखी एक भेट. परीक्षकांपैकी एकानं सांगितलं, दांडा हलतोय. मी शहरातून बुश नवीन टाकून घेतला. आता बघा कसा फिरतो."

दादानं दांडा दोन बोटांत धरला. हलवून पाहिला. तो तसूभरही हलत नव्हता.

"चांगलं काम केलंय," दादा म्हणाला.

"तुमच्याच गाडीची खोड गेली की नाही?"

"गेली," दादा म्हणाला.

वाटेत डबी त्यानं मांडीवर धरली होती, आणि गाडी मात्र एकसारख्या आवाजात चालली होती. तीच डबी, तेच कारखान्याचं अक्षर, तोच वरचा काळा डाग, आणि आत जे हवं होतं तेवढंच नव्हतं.

मग त्यानं काय काय केलं ते सगळं मला सांगता येणार नाही. जुनी डबी बसवली, तर गाडी सरळ चालली. पॉइंटमधली फट वाढवून पाहिली, तेव्हा गाडी गचके खायला लागली. तशीच तो घरी घेऊन आला. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "कुणा बिचाऱ्याची गाडी बिघडलीय वाटतं. आमचे हे असते तर बघून दिली असती." त्यानं नवा बुश आतून कोरून पाहिला. दांडा इतका हलायला लागला की गाडी फाटकापर्यंत पोचेना. शेवटी तो कोरलेला बुश त्यानं काढून टाकला आणि बाजारात मिळाला तो नरम पितळेचा बसवला. त्यानंही गाडी सरळच चालली. माझ्या पायरीवर बसून हातावरचं काळं पुसत तो म्हणाला, "झीज हातानं करता येत नाही, छोटी. ती गाडी चालून चालूनच होते."

मी त्या दिवसांत देवाजवळ जे मागितलं ते कुणी मागत नसेल. म्हटलं, देवा, माझ्या भावाची गाडी बिघडू दे. नीट बिघडू दे, पूर्वीसारखी.

मग त्यानं खटपट सोडली. संध्याकाळी यायचा, कडी वाजवायचा. वहिनी विचारायच्या, "आपण कोण?" आणि तो म्हणायला लागला, "मी त्यांच्या गॅरेजमधला. साहेबांना भेटायला आलो होतो."

त्यासरशी वहिनींची भीती गेली. "बसा ना. येतीलच ते. चहा घ्या." आणि तो आपल्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. चहा मी करायची. दोघं मिळून त्याचीच वाट बघायचे.

वहिनी त्याच्याशी भरभरून बोलायच्या. एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"फार हट्टी आहेत," त्या म्हणायच्या. "खिशात स्क्रू घेऊन येतात. धुण्यात सापडतात माझ्या."

"सांगत का नाही तुम्ही?"

"सांगून ऐकणाऱ्यातले आहेत का ते? पण मनानं चांगले हो. मला मूल झालं नाही, तर एका शब्दानं बोलले नाहीत कधी. त्यांच्या आईंनी विषय काढला, तर जेवणावरून उठून गेले होते."

दादा कपाकडे बघत बसायचा. ते स्क्रूचं ऐकल्यापासून घरात शिरण्याआधी तो पायरीवर थांबून खिसे रिकामे करायला लागला. माझ्या खिडकीतून मला दिसायचं. वहिनी तर आता कपडेही धूत नव्हत्या.

एकदा त्या म्हणाल्या, "गाडी उभी राहिली की समुद्र दाखवतो म्हणाले होते. गाडी उभी राहिली, पण मग गिऱ्हाइकांच्या गाड्या आल्या. मी काही आठवण केली नाही. दमून येतात."

दादानं कप खाली ठेवला. "आपण जाऊ या का? मी नेतो. गाडी बाहेरच आहे."

वहिनींनी त्याच्याकडे जरा रागानंच पाहिलं. "तुमच्याबरोबर कशी येऊ मी? ते आले की त्यांच्याबरोबर जाईन."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "त्यांच्याबरोबरच जायला हवं."

त्या दिवशी तो उठून आत स्वयंपाकघरात माझ्याजवळ आला आणि पाण्याचा नळ सोडून तसाच उभा राहिला. मी मागे फिरून बघितलं नाही. भाजी चिरत राहिले. काही वेळा माणसाकडे न बघणं हीच माया असते.

थंडीत वहिनींच्या छातीत कफ झाला. मग अंथरूण सुटलं नाही. शेवटच्या संध्याकाळी दादा त्यांच्याजवळ बसला होता. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "आले का हो ते?" मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, मीच तो. पण त्यानं त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाला, "निघालेत. वळणावर आहेत."

"मग दार उघडं असू द्या," वहिनी म्हणाल्या.

दार आम्ही उघडंच ठेवलं. थंडी आत येत होती तरी ठेवलं. सकाळी त्या गेल्या.

पुढे दादा पुन्हा गॅरेजला जायला लागला. लोक त्याला पूर्वीसारखंच अस्सल म्हणतात, तोही "आहे, आहे" म्हणतो. आता एखाद्यानं नवा माल बसवून मागितला तर बसवून देतो, वाद घालत नाही. संध्याकाळी खिशातून किल्ली काढून आपलं दार आपण उघडतो. मला आवाज येतो तो फक्त किल्लीचा.

ह्याला दोनेक वर्षं झाली. परवा संध्याकाळी दिवा लावून मी डोळे मिटले होते. वळणावर ठोके ऐकू आले. टप टप टप, आणि मग थांबून, टप.

आधी वाटलं, मन खेळ करतंय. पण आवाज जवळ आला, फाटकाशी उभा राहिला. दादानं गाडी बंद केली नाही. तो नरम पितळेचा बुश झिजला होता, आपोआप, रोजच्या जाण्यायेण्यानं.

देवानं माझं ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. ऐकलं. मला फक्त त्याचा हिशोब कळत नाही, आणि आजवर जे कळलं नाही त्याच्यापुढेही मी हात जोडत आले, तसे ह्याच्यापुढेही जोडले.

खिडकीतून पाहिलं तर दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. इंजिन चालूच होतं, आणि तो आपल्या बंद दाराकडे बघत होता. अंधार पडत आला तरी उतरेना.

त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. मी परसातून गेले, मागच्या दारानं आत शिरले. चहाचं आधण ठेवलं. मग पुढे जाऊन आतून लॅच काढलं, दार उघडलं आणि दारात उभी राहिले.

त्यानं गाडी बंद केली. पायरीशी आला, सवयीनं खिसे रिकामे केले.

"उशीर केलास," मी म्हटलं.

"हो गं," दादा म्हणाला. "फार उशीर झाला."